कात्री दोनदा चालवायची असते

आज सकाळपासून तीन-चार जणांनी मला एकच रील पाठवलंय. ऑस्ट्रेलियातली बाग, टोपीवाली मुलगी एक संत्रं तोडते, कॅमेऱ्याकडे बघून हसते. वर लिहिलंय, 'फळं तोडा, पैसे कमवा, जग फिरा!' आणि खाली कुणाची तरी कमेंट: 'एवढं शिकून शेवटी मजुरीच?' दोघांवरही सारखंच डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसावर, म्हणजे फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसावर, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये मंडुबेराच्या बागांत मँडरिन (संत्र्यांचाच एक प्रकार) तोडलीत. शेजारच्या ओळीत वनुआटू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातून आलेले एक काका असायचे. सुरुवातीलाच त्यांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि न बोलता दाखवलं. आधी देठ जरा लांब ठेवून कापायचा, फळ हातात आलं की दुसऱ्यांदा अगदी सालीलगत. नुसतं ओढलं तर साल फाटते. देठ राहिला तर बिनमध्ये, म्हणजे फळं ओतायच्या मोठ्या खोक्यात, तो शेजारच्या फळाला टोचतो, मग तेही सडतं. हे सगळं पोटावर पिशवी जड होत असताना, शिडीवर तोल सांभाळत. काका हाताकडे बघतसुद्धा नसत, डोळे पुढच्या फळावर. माझी पिशवी अर्धी होईपर्यंत त्यांची दुसरी रिकामी झालेली असायची.

'त्यात काय, कुणालाही जमेल' म्हणणाऱ्यांनी एक बिन भरून दाखवावा. एकच.

आणि ते हसरं रील! सकाळी दव असलं की फळाला हात लावू देत नाहीत, ओल्या सालीवर डाग पडतात. मग बसा व्हॅनपाशी. आमचा कंत्राटदार ते तास धरायचाच नाही, वर व्हॅनचं भाडं कापायचा. भरलेल्या बिनच्या हिशोबाने पैसे असले तरी तासाच्या किमान वेतनाची हमी 28 एप्रिल 2022 पासून आहे, मान्य. पण दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला 88 दिवसांच्या कामाचा पुरावा लागतो, आणि तो ज्याच्याकडून घ्यायचा त्याच्याशीच भांडणार कोण? ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना 1 जुलै 2024 पासून ही अटच नाही. आपल्याला आहे. आपल्याला तर त्याआधी पहिल्या व्हिसासाठीच लॉटरी, वर्षाला 1000 जागा, वय 18 ते 30. असो, नाहीतर यावर वेगळी पोस्ट होईल.

हॉस्टेलवरच्या संध्याकाळी मस्त असायच्या, खोटं कशाला बोलू.

एकदा काकांनी विचारलं, इथे कशाला आलीस? म्हटलं, देश फिरायला. ते इतके हसले की शिडी हलली. "फिरायला? मग या झाडावर काय करतेस?" मलाही हसू आवरेना. पण ते पॅसिफिक बेटांवरच्या मजुरांसाठी असलेल्या 'पाम' योजनेतून आलेले, त्यांना मनासारखा मालक बदलता येत नाही. मी कंटाळले की बॅग उचलून निघू शकत होते. त्यांच्या हातातलं कसब माझ्या दसपट, आणि धाडसी म्हणून कौतुक कुणाचं? माझं! काकांचं कुणी रीलही काढत नाही.

यंदा लॉटरीत नाव टाकणाऱ्यांनो, मला इनबॉक्समध्ये 'किती सुटतात' विचारू नका. बागेवाल्याला विचारा: तासावर की बिनवर, पे-स्लिप मिळणार का, दवाच्या वेळेचे पैसे धरणार का, व्हॅनचे किती कापणार. उत्तर गोलमाल आलं तर सरळ दुसरी बाग बघा. तुम्हाला तेवढी तरी मुभा आहे.