इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायला सांगणारा तो मेसेज

‘सांबऱ्याहून विमानाने जाणाऱ्यांसाठी नवीन नियम, सर्वांना कळवा’ या मथळ्याचा (सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ) एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आठ मुद्दे, खाली ‘विमानतळ प्रशासन’ एवढीच मोघम सही. तारीख नाही, परिपत्रकाचा क्रमांक नाही. एरवी मी तो वाचलाही नसता. पण खानापूरच्या माझ्या मावशीनं तो वाचला आणि इन्सुलिनची पेनं, सुया, साखर तपासायचं मशीन असं सगळं साड्यांच्या घडीत गुंडाळून काउंटरवर जमा करायच्या मोठ्या बॅगेच्या तळाशी भरलं. पॉवर बँकही तिथंच. ती बंगळूरला विमान बदलून लेकीकडं भुवनेश्वरला निघालेली. विचारलं तर म्हणते, “अरे, सिक्युरिटीवाले सुया काढून घेतात म्हणे, मेसेजात लिहिलंय की.”

म्हणून आधी तिसरा मुद्दाच घेतो. ‘औषधे, इंजेक्शन व सुया हातातील बॅगेत आढळल्यास जप्त केल्या जातील, चेक-इन बॅगेत ठेवाव्यात.’ हे साफ खोटं आहे आणि जिवाशी खेळणारं आहे. प्रवासात लागणारी औषधं, इन्सुलिन आणि त्याच्या सुया डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत नेता येतात. 100 मिलीच्या मर्यादेची गोष्ट कुणी कुठून तरी ऐकलेली असते. ती मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या द्रव पदार्थांना आहे आणि तिच्यातूनही प्रवाशाची औषधं वगळलेली आहेत. शिवाय इन्सुलिनच्या कुपीत असतं 10 मिली आणि पेनात 3 मिली. म्हणजे मर्यादा लावली तरी ते बसतंच.

आता मोठ्या बॅगेत टाकल्यावर काय होतं ते बघा. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानात बहुतेक प्रकारांत साधारण 28 दिवस टिकतं, पण कडक ऊन त्याला चालत नाही आणि एकदा गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. दिसायला कधी कधी तसंच दिसतं, काम मात्र करत नाही. चेक-इनला दिलेली बॅग एप्रिल-मेच्या उन्हात विमानाशेजारी ट्रॉलीवर किती वेळ पडून राहील आणि सामानाच्या कप्प्यात किती गारठेल, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. आणि विमान बदलताना बॅगच मागं राहिली तर? मावशी भुवनेश्वरला, इन्सुलिन बंगळूरला. रात्रीच्या जेवणाआधीचं इंजेक्शन तिनं कुठून घ्यायचं? वाटेत साखर उतरली तर तपासायचं मशीनही जवळ नाही. हा मेसेज ज्यानं लिहिला त्याच्या घरात मधुमेहाचं माणूस नसावं, किंवा असूनही त्याला काडीची फिकीर नसावी.

आम्ही बॅग पुन्हा उघडली. एका छोट्या पाउचमध्ये पेनं, सुयांची डबी, मशीन, पट्ट्या आणि ग्लुकोजची पुडी. राखीव पेनांसाठी जेल पॅक घेतला, पण तो रुमालात गुंडाळून. बर्फासारखा गार पॅक पेनाला थेट टेकला तर त्यानंही इन्सुलिन गोठू शकतं. औषधं त्यांच्या मूळ खोक्यात आणि सगळ्यात वर डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवरचं नाव ओळखपत्राशी जुळतंय ना, तेवढं मात्र बघून घ्या.

चौथा मुद्दाही तसाच उलटा. ‘पॉवर बँक हातात नेऊ नये, चेक-इन बॅगेत टाकावी.’ अहो, जगभर नियम नेमका याच्या विरुद्ध आहे! पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इन बॅगेत अजिबात नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूकसुद्धा बंद केली, यावरून धोका ओळखा. अशी बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते, एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. सामानाच्या कप्प्यातली आग विझवायची यंत्रणा ज्वाळा दाबते, पण बॅटरीच्या पोटात चाललेलं तापणं तिला थांबवता येत नाही. वर केबिनमध्ये धूर निदान कुणाला तरी दिसतो आणि कर्मचाऱ्यांना पाणी ओतता येतं. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात, बुसानच्या गिम्हे विमानतळावर, एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी डोक्यावरच्या कप्प्यातून पेटलं. आतल्या सगळ्या 176 जणांना बाहेर काढता आलं. तपासात बोट पॉवर बँकेकडंच दाखवलं गेलं. विमान अजून जमिनीवर होतं आणि ते केबिनमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत झालं म्हणून माणसं सुटली. त्यामुळं पॉवर बँक वरच्या कप्प्यातही नको, जवळच ठेवा. मर्यादा 100 वॉट-तासांची आहे; बाजारातली 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॉट-तासांची असते, म्हणजे चालते.

मेसेजाचं ऐकून ती मोठ्या बॅगेत टाकलीच, तर एक्स-रेमध्ये सापडते. मग बॅग अडवतात आणि तुम्हाला उघडायला बोलावतात. तोवर तुम्ही आत जाऊन बसलेले असता.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ‘चार तास आधी पोहोचणे बंधनकारक.’ याला थोडा आधार आहे, ते मान्य करतो. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा तपासणी वाढवली होती आणि तीन तास आधी या, असं विमान कंपन्यांनी खरंच सांगितलं होतं. ती त्या दिवसांतली सूचना. कुणीतरी तिचे चार तास केले आणि कायमची चिकटवली. एरवी देशांतर्गत प्रवासाला दोन तास आधी पोहोचलात तरी पुरे. चुकवायची नाही ती काउंटर बंद व्हायची वेळ. ती बहुतेक ठिकाणी उड्डाणाआधी 60 मिनिटं असते आणि तिकिटावर लिहिलेली असते.

‘मूळ आधारकार्डच लागेल, लहान बाळाचेही.’ नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं ऑक्टोबर 2017 मध्ये ओळखपत्रांची यादीच दिली: पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, आधार, मोबाईलवरचं एम-आधारसुद्धा. ओळखपत्र असलेल्या आई-वडिलांबरोबरच्या मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या वयाचा दाखला तेवढा ठेवा. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजात तिचा उल्लेखही नाही. कर्नाटकातल्या कागदपत्रांवर ‘सविता’, ‘लता’ अशा नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टीच्या पुढं एच येतो, आणि पुण्या-मुंबईतला भाचा तिकीट काढतो तेव्हा तो एच नसतो. हे घरी असतानाच ताडून बघा आणि विमान कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.

‘सीटचे पैसे भरल्याशिवाय बोर्डिंग पास नाही.’ खोटं. पैसे मनपसंत सीटचे असतात. काउंटरवर बोर्डिंग पास द्यायला वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं जुलै 2022 मध्येच कंपन्यांना बजावलंय. ‘डिजीयात्रा सक्तीची’ हेही खोटं, चेहरा ओळखून आत सोडणारी ही सोय ऐच्छिक आहे.

‘वाळके खोबरे नेऊ देत नाहीत’ हे मात्र खरं आहे. आठांत एवढाच एक मुद्दा धड निघाला. वाळलेल्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. ओटीतल्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. कुंदा, करदंट अशी मिठाई खुशाल न्या.

शेवटचा मुद्दा: ‘नाव पुकारेपर्यंत जागेवर बसून राहावे.’ बंगळूर आणि मुंबई हे शांत विमानतळ आहेत, तिथं प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. बसून राहिलात तर विमानाकडं जायचं दार (गेट) बंद होईल, आणि ते उड्डाणाआधी साधारण 25 मिनिटं बंद होतं. दाराचा क्रमांकही ऐन वेळी बदलतो, म्हणून पडद्यावर लक्ष ठेवा.

हे मेसेज आपल्याकडं इतके का पसरतात, तेही कळतं. विमानतळावरच्या पाट्या कन्नड, हिंदी, इंग्रजीत. मावशीच्या वयाच्या बाईला मराठीत काही वाचायला मिळालं की ती त्यावर विश्वास ठेवते. पुढं ढकलणाऱ्यांनी निदान याची जाण ठेवायला हवी होती. ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही तो टाकलाय, तिथून आजच काढा आणि तिसऱ्या-चौथ्या मुद्द्याची दुरुस्ती मराठीतच टाका. त्यातल्या कुणाच्या तरी घरी आत्ता बॅग भरणं चाललं असेल.