आत्याच्या बिल्डिंगची 'एक्स्पायरी'

रविवारी सकाळी आत्याचा फोन. "अगं, आमची बिल्डिंग एक्स्पायर झालीय म्हणे. सोसायटीच्या ग्रुपवर आलंय." पुण्यात सहकारनगरातली तिची बिल्डिंग १९८८ची. पाठोपाठ तो मेसेजही आला. थोडक्यात मजकूर असा: आरसीसीचं (म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं) आयुष्य ३० वर्षं, पुढे दुरुस्ती म्हणजे पैसा पाण्यात, शनिवारवाडा बघा कसा उभा आहे, पुनर्विकास होईपर्यंत सळई दिसली की वरून सिमेंट थापा आणि वॉटरप्रूफ रंग मारा, जुनं पाडून नवी 'ग्रीन' इमारत बांधणं हीच पर्यावरणाची सेवा.

शनिवारवाडा आधी उरकते. वाडा १८२८च्या आगीत जळाला. उरलेत ते तट, दरवाजे आणि जोती. आणि दगडाच्या जोत्यात गंजायला सळई नसते, बाबांनो.

आता ३० वर्षं. गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी कपाटातून काढून वाचा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, तिशी ओलांडल्यावर दर ३ वर्षांनी. तिशीनंतरही जी तीन-तीन वर्षांनी तपासत राहायची, ती बाद कशी झाली? चाळिशीनंतर डॉक्टर दरवर्षी रक्त तपासायला सांगतात, म्हणून कोणी तिरडी बांधायला घेत नाही. आत्याच्या सेक्रेटरींना शेवटचं ऑडिट कधी झालं विचारलं, तर त्यांनी शेवटचा रंग कधी दिला ते सांगितलं.

माझं डोकं फिरलं ते सिमेंट थापण्याच्या सल्ल्याने. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणाचं माप, १२.५ ते १३ असतो, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, पीएच ९च्या खाली येतो आणि तो थर जातो. मग पाणी मिळालं की गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे तो आतून काँक्रीट ढकलून फोडतो. वरून गिलावा थापला तर आतला गंज थांबतो थोडाच? तो फक्त दिसेनासा होतो.

आत्याच्या बाथरूमच्या खिडकीवरच्या छज्ज्याला गेल्याच वर्षी असा गिलावा झालाय. हातोडीने ठोकला तर ठण्ण नाही, बद्द आवाज. कडेला छिन्नी लावताच तळहाताएवढा पोपडा सुटला, त्याच्या पाठीवर सळईचा तपकिरी छाप. आठ मिलिमीटरची सळई चिमटीत धरली तर पापुद्रे हातात आले. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जेमतेम १० मिलिमीटर. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक अगदी सौम्य हवामानात, बारीक सळईची सूट धरूनही, १५ मागतं. फोडलेल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं; पीएच चांगला असेल तिथेच ते गुलाबी होतं. आतलं काँक्रीट गर्द गुलाबी झालं, सळईभोवती रंगच चढला नाही. हा छज्जा तिसऱ्या मजल्यावर, बरोबर खाली स्कूटरी लावतात.

खरी दुरुस्ती वेगळी. आधी वरच्या बाथरूमची गळती बंद. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई लख्ख घासायची, फार झिजली असेल तर जोडीला नवी द्यायची, गंजरोधक लेप लावून पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरायचं. रंगाबद्दल एक कबूल करते: कार्बन डायऑक्साइड अडवणारा चांगला रंग काँक्रीटचं आयुष्य वाढवतो. पण हे सगळं झाल्यावर. आधी मारलात तर तो नुसता मेकअप.

'ग्रीन'चं काय सांगायचं! सिमेंट बनवताना चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. आत्याच्या बिल्डिंगच्या सांगाड्याचा तो धूर १९८८लाच निघून गेलाय; नवी बांधलीत की पुन्हा निघणार.

कॉलमच गेले असतील तर पाडावंच लागतं, त्याला इलाज नाही. लिफ्ट आणि पार्किंग हवं म्हणून पाडायचं असेल, तर तसं बोला. विद्यापीठ चौकातला पूल २०२०मध्ये पाडला तेव्हा त्याला पंधरा वर्षंही झाली नव्हती. मेट्रोला तो आड येत होता. वयाचं नाव कशाला घेता?

आत्याने काल ऑडिटसाठी लेखी अर्ज दिलाय. छज्ज्याखाली आम्ही दोरी बांधली. आतली एक स्कूटर मालकाने अजून हलवलेली नाही.