वाघासमोर आडवं पडू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

परवा रात्री मामीचा फोन आला. मामी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. दर मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायला जाते. इकडचं तिकडचं काही न बोलता तिनं थेट विचारलं, "का वं पोरी, वाघ दिसला तर आडवं पडाचं म्हणते. खरं हाय का?"

तिच्या नातवानं मोबाईलवर आलेला मेसेज तिला वाचून दाखवला होता. तोच मेसेज माझ्याकडेही चार ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकवला होता. त्या रात्री नीट वाचला. मथळा असा: 'वाघापासून वाचण्याचे सात अचूक उपाय, वनविभागातर्फे जनहितार्थ'. कोणत्या कार्यालयानं काढला, कधी काढला, कुणाची सही, काहीच नाही. सात उपाय थोडक्यात सांगते. वाघ समोर आला तर श्वास रोखून निपचित पडा, तो मेलेल्याला तोंड लावत नाही. त्याच्या डोळ्यांत रोखून बघा. पळायचंच झालं तर नागमोडी पळा. जवळच्या झाडावर चढा. घोळक्यानं जा, घोळक्यावर वाघ येत नाही. डोक्याच्या मागे मुखवटा बांधा. आणि एकदा माणसाच्या खारट रक्ताची चटक लागली की तो वाघ दुसरं काही खात नाही, तेव्हा दिसेल तो वाघ मारून टाकायची मागणी करा. शेवटची ओळ: 'ज्यांचे जीव गेले, त्यांना हे साधे उपाय माहीत नव्हते.'

ही शेवटची ओळ वाचून माझं डोकं फिरलं. १० मे २०२५ ला याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगल त्यांच्या रोजच्या पायाखालचं होतं. त्यांना साधे उपाय माहीत नव्हते म्हणून त्या गेल्या, असं आता कुणीतरी पंख्याखाली बसून ठरवणार.

आडवं पडण्याचा उपाय सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेते. हा कुठून आला ते उघड आहे. दोन मित्र, एक अस्वल, एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. गोष्टीतलं अस्वल काढून तिथे वाघ बसवला की उपाय तयार. पण वाघ मेलेलं खात नाही, हे ज्यानं लिहिलं त्यानं जंगलालगतच्या एकाही गुराख्याला विचारलेलं नाही. वाघानं गाय मारली की तो ती एका बैठकीत संपवत नाही. ओढत झुडपात नेतो, पोटभर खातो, पाण्यावर जातो आणि परत येतो. असं दोन-तीन दिवस चालतं, मांसाला वास सुटला तरी. म्हणूनच मेलेल्या जनावराजवळ संध्याकाळी फिरकू नका असं आमच्याकडे लहान पोरालाही सांगतात. आणि दूरचा दाखला हवा असेल तर जून २०२५ मध्ये कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरात एक वाघीण आणि तिची चार पिल्लं मेली, ती विष घातलेल्या मेलेल्या गायीचं मांस खाऊन. मेलेल्याला तोंड लावत नसती तर ती पाचही आज जिवंत असती.

दुसरं म्हणजे वाघ मारतो कसा, हे बघा. तो मानेवर किंवा गळ्यावर पकड घेतो. उभ्या माणसाची मान जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असते. पालथ्या पडलेल्या माणसाची मान त्याच्या तोंडासमोर असते. खाली वाकलेलं, आडवं, हालचाल न करणारं काहीही वाघाला माणसासारखं दिसत नाही, सावजासारखं दिसतं. एखाद्या बाईनं हा सल्ला मनावर घेतला तर जो वाघ कदाचित बघून वळून गेला असता, त्याच्यापुढे ती आपण होऊन मान ठेवेल.

याच जागी तेंदूपत्त्याची खरी अडचण आहे आणि मेसेजमध्ये तिच्यावर एक शब्द नाही. हंगामाआधी तेंदूची झुडपं छाटतात, म्हणजे नवी कोवळी पानं येतात. ही पानं गुडघ्या-कमरेच्या उंचीवर असतात. बाई पहाटे निघते आणि चार-पाच तास वाकूनच असते. डाव्या हातात पानांची गड्डी, उजव्या हातानं एक-एक पान देठातून खुडायचं, नजर पानावर, कारण भोक पडलेलं पान फडीवर, म्हणजे पानं खरेदी होतात तिथे, घेत नाहीत. ७० पानांचा एक पुडा, आणि पैसे पुड्यावर. मान वर करून आजूबाजूला बघण्यात जो वेळ जातो तो मजुरीतून जातो. मागून बघणाऱ्या वाघाला दिसते ती झुडपात हलणारी, चार पायांवर असल्यासारखी पाठ. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं वेचताना, पत्ता तोडताना, सरपण गोळा करताना, शेताच्या धुऱ्यावर गवत कापताना हल्ले होतात, ते यामुळे. या सगळ्या कामांत माणूस वाकलेला असतो. बहुतेकांना वाघ 'समोर' दिसतच नाही. तो मागून किंवा बाजूनं येतो, आणि जे व्हायचं ते काही सेकंदांत होतं. समोर वाघ आल्यावर काय करावं याचे सात उपाय त्यांच्या काहीच कामाचे नाहीत.

डोळ्यांत रोखून बघण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकबूल करत नाही. डोळ्यांची जादू वगैरे काही नसते, पण वाघाकडे तोंड असणं महत्त्वाचं. माझे मामा गुरं राखायचे. एकदा नाल्याच्या काठी वीसेक पावलांवर वाघीण उठून उभी राहिली. मामा सांगायचे, आधी गुरगुर ऐकू आली, पोटातून आल्यासारखी. मग तिनं कान असे फिरवले की कानांमागचे पांढरे ठिपके समोरून दिसायला लागले, शेपटी झटके देऊ लागली. मग ती धावून आली आणि सहा-सात पावलांवर थांबली. मामा काठी उभी धरून ओरडत राहिले आणि तोंड तिच्याकडेच ठेवून पाऊल-पाऊल मागे सरले. ती पुन्हा एकदा झेपावल्यासारखी आली, पुन्हा थांबली. मग करवंदीच्या जाळीतून पिल्लांचा आवाज आला तेव्हा मामांना कळलं की ती का उठली होती. हे खोटं धावून येणं म्हणजे 'निघून जा' असं सांगणं असतं. पिल्लांची आई, शिकारीवर बसलेला वाघ, झोपेतून दचकून उठलेला वाघ, हे बहुतेक वेळा आधी असं सांगतात. मामा त्या वेळी पळाले असते, किंवा या मेसेजप्रमाणे आडवे पडले असते, तर मला ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

नागमोडी पळण्याबद्दल काय बोलायचं? वाघ थोड्या अंतरात ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, आणि पाठ फिरवून पळणारी गोष्ट दिसली की तो मागे लागतो. झाडाचंही तसंच. आमच्याकडे सागाचे सरळसोट बुंधे, अंगात लुगडं, वय पंचावन्न. शिवाय वाघ जड असला तरी झाडावर चढू शकतो. पीक राखायला बांधलेली मचाण वेगळी, ती आधीपासून उंच असते आणि तिचा उपयोग होतो. ऐनवेळी झाड शोधणं म्हणजे वाघाकडे पाठ करणं.

घोळक्याचं म्हणाल तर त्या तिघीही एकट्यानं जंगलात गेल्या नव्हत्या. गावातून निघताना पंधरा जणी असतात, पण पत्ता तोडताना प्रत्येकीला आपलं झुडूप हवं असतं, म्हणून त्या वीस-तीस पावलांवर विखुरतात. एकमेकींना दिसतही नाहीत. हाका मारत, एकमेकींना धरून काम झालं तरच घोळक्याचा उपयोग.

मुखवट्याचंही अर्धं खरं आहे. १९८६ मध्ये सुंदरबनात लोकांनी डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला सुरुवात केली आणि बांधणाऱ्यांवरचे हल्ले तेव्हा थांबले, हे नोंदलेलं आहे. त्यामागचं कारण तेच, वाघाला मागून यायचं असतं. पण काही वर्षांत तिथल्या वाघांना ते फसवं तोंड कळलं, असंही तिथलेच लोक सांगतात. शिवाय वाकलेल्या बाईच्या डोक्यामागचा मुखवटा आभाळाकडे बघतो. बांधायचा असेल तर बांधा, पण त्यावर विसंबून राहू नका.

आता रक्ताची चटक. माणूस मारणारा प्रत्येक वाघ माणूस खाणारा होतो, याला काही आधार नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मानक कार्यपद्धतीतच हा फरक केलेला आहे: अचानक गाठ पडल्यामुळे माणूस मेला ती घटना वेगळी, आणि माणसांचा माग काढून, दबा धरून वारंवार मारणारा वाघ वेगळा. दुसऱ्या प्रकारचे वाघ असतात, हे मी मान्य करते. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटनं मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगतात. पण तिच्या तोंडात उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीनं मोडलेले होते, नेहमीची शिकार तिला जमत नव्हती. चटक रक्ताची नव्हती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली टी-१, जिला अवनी म्हणतात, तिच्यावर १३ मृत्यूंचा ठपका होता आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली गेली. असे वाघ ओळखून पकडावे लागतात, आणि उशीर झाला तर माणसं मरतात, हा लोकांचा राग मला पूर्ण पटतो. पण 'दिसेल तो मारा' म्हणजे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं की माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या वाघाला मारायचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, तोही पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची खात्री झाल्यावर. आणि घोळका काठ्या घेऊन वाघाला शेतात वेढतो तेव्हा काय होतं? निघायची वाट बंद झालेला वाघ खोटं धावून येत नाही, तो खरंच येतो, आणि जो पुढे असेल त्याच्यावर येतो.

या मेसेजच्या खाली कुणीतरी 'वनविभागानंच ट्रकमधून वाघ आणून सोडले' असंही जोडलेलं आहे. वाघ हलवले गेले हे खरं, पण आपल्याकडून बाहेर. २०२३ मध्ये चंद्रपूरच्या वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात नेल्या, २०२४ मध्ये ताडोब्याच्या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलिपालला गेल्या. राज्यात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. ते इथेच जन्मले, आणि ब्रह्मपुरी वनविभागासारख्या, व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या जंगलात ते गावांना चिकटून राहतात.

मामीला मी फोनवर एवढंच सांगितलं. आडवं पडू नको, पळू नको. उजाडल्याशिवाय जंगलात शिरू नको. वानरं खकारायला लागली, चितळ ओरडायला लागलं, तर तिकडची झुडपं सोडून दे. मधूनमधून ताठ उभी राहा, मोठ्यानं बोलत राहा. आणि दोघी-दोघी जोडीनं तोडा, एकीनं वाकायचं तेव्हा दुसरीनं उभं राहायचं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "एक उभी रायली तं पुडे अर्धेच होतीन."

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. तिनंच काढलं. सुनेसोबत पाळी लावणार आहे, शंभर पानं एकीची, शंभर दुसरीची, आणि जी उभी असेल तिच्या हातात काठी आणि तेलाचा रिकामा डबा. दोनशे पुड्यांच्या जागी शंभर-सव्वाशे होतील, म्हणाली. नातवाला तिनं तो मेसेज पुसून टाकायला लावला आहे.