मसुदा यंत्राचा, जबाबदारी माणसाची: मेडिकल ट्रान्सक्रिप्शनवरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे बहुधा अमेरिकेतल्या डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित बोलणे ऐकून त्याचे लेखी रिपोर्ट तयार करण्याच्या कामात, सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. डॉक्टरांचे बोलणे आता संगणकच लिहून काढतो, त्यामुळे हा व्यवसाय मरणपंथाला लागला आहे आणि सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या आपल्या मुलीसारख्या मुलांना ही वाट दाखवणे म्हणजे क्लासचालकांची धन करणे होय, असा आपला आक्षेप आहे. मुलगी मराठी माध्यमातून शिकल्यामुळे अमेरिकन उच्चार तिला झेपणार नाहीत, ही काळजीही आपण व्यक्त केली आहे.

निव्वळ ऐकून टाइप करण्याचे काम आटले आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. अमेरिकेत 2009 च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी रुग्णालयांना आर्थिक प्रोत्साहन दिले आणि अनेक डॉक्टर तयार साच्यांमध्ये स्वतःच नोंदी भरू लागले. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेलेल्या न्युआन्स कंपनीची प्रणाली तर तपासणीच्या खोलीतला डॉक्टर आणि रुग्ण यांचा संवाद ऐकूनच नोंदीचा मसुदा तयार करते. त्यामुळे टायपिंगचा वेग एवढ्याच भांडवलावर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मीही येऊ नका असेच सांगते.

मात्र यंत्राने तयार केलेला मसुदा म्हणजे पूर्ण झालेला रिपोर्ट, हे आपले गृहीतक मला मान्य नाही. मी स्वतः आता संपादनाचे आणि क्यूएचे (गुणवत्ता तपासणीचे) काम करते, त्यामुळे असे मसुदे रोज माझ्यासमोर असतात. डॉक्टर घाईने ‘फिफ्टीन मिलिग्रॅम’ म्हणतात आणि पडद्यावर 50 उमटते. तपासणीच्या परिच्छेदात डावा गुडघा सुजलेला असतो आणि उपचाराच्या परिच्छेदात इंजेक्शन उजव्या गुडघ्यात द्यायचे ठरते. इथे डॉक्टरच चुकून तसे बोलले असतील, तर यंत्राला त्यात काहीही वावगे दिसत नाही, कारण त्याने ऐकलेले बरोबरच लिहिलेले असते. आतड्याचा इलियम आणि कमरेच्या हाडाचा इलियम कानाला सारखेच ऐकू येतात. शस्त्रक्रिया कोणत्या अवयवाची चालली आहे हे ज्याला कळते, त्यालाच योग्य स्पेलिंग निवडता येते. अशा जागी पायाखालच्या पेडलने ध्वनिफीत दोन सेकंद मागे घेऊन पुन्हा ऐकायचे आणि तरीही खात्री झाली नाही तर अंदाजाने न भरता ब्लँक सोडून डॉक्टरांसाठी शेरा लिहायचा, हे या कामाचे मर्म आहे, आणि नवख्या मुलांना नेमके हेच शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

याची किंमत काय असते, हे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील एका खटल्यात दिसले. 2008 मध्ये तिथल्या एका रुग्णालयातून पुनर्वसन केंद्रात पाठवलेल्या महिलेच्या कागदपत्रांत इन्सुलिनची मात्रा 8 युनिटऐवजी 80 युनिट अशी टंकली गेली, ती मात्रा तिला दिली गेली आणि तिचा मृत्यू झाला. ते टंकन भारतात करून घेतलेले होते. 2012 मध्ये ज्युरीने 14 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ती चूक माणसाच्या हातची होती, हे आपण म्हणाल आणि ते बरोबरच आहे. परंतु एक शून्य वाढवण्याची चूक यंत्राकडूनही होऊ शकते आणि म्हणूनच मात्रा वाचताच ‘एवढी कशी?’ असा प्रश्न पडणारा माणूस मध्ये असावा लागतो.

आता पैशांविषयी. मोबदला प्रामुख्याने ओळींवर मिळतो, मोकळ्या जागा धरून 65 अक्षरांची एक ओळ मोजण्याची पद्धत रूढ आहे आणि संपादनाच्या ओळीचा दर टायपिंगच्या ओळीपेक्षा कमी असतो. सुरुवातीचे महिने तुटपुंज्या उत्पन्नाचे जातात आणि अमेरिकेच्या वेळा सांभाळताना रात्रपाळीही करावी लागते. हे सोसण्याची तयारी नसेल तर या वाटेला न गेलेलेच बरे.

क्लासच्या बाबतीत मी आपल्याच बाजूची आहे. नोकरीची शंभर टक्के हमी देऊन भरमसाट शुल्क मागणाऱ्या संस्थेत पैसे भरू नयेत. वेगवेगळ्या उच्चारांच्या डॉक्टरांच्या खऱ्या, रुग्णाची ओळख काढून टाकलेल्या ध्वनिफितींवर किती तास सराव मिळेल आणि प्रत्येक फाइल तपासून चुका कोण दाखवील, हे आधी विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर उठून यावे. प्रशिक्षणकाळात वेतन देणाऱ्या कंपनीत प्रवेश मिळाला, तर तो केव्हाही उत्तम.

माध्यमाची चिंता मात्र सोडावी. फिलिपिनो किंवा स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारे डॉक्टर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही पहिल्या दिवशी कळत नाहीत. तो कान सरावानेच तयार होतो. आपल्या मुलीला जंतूंची आणि प्रतिजैविकांची नावे आधीच ठाऊक आहेत, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. एमटीसॅम्पल्स या संकेतस्थळावर नमुन्याचे रिपोर्ट विनामूल्य वाचता येतात. तिने आठवडाभर त्यांतले शस्त्रक्रियेचे आणि डिस्चार्ज समरीचे रिपोर्ट वाचावेत, अडलेला प्रत्येक शब्द वैद्यकीय कोशात पाहावा आणि आठवड्याअखेरीस तिला पुढचा रिपोर्ट उघडावासा वाटला, तरच शुल्काची चौकशी करावी.