दुधात काय एवढं?

आमच्या आळीत कामं वाटली जात नाहीत, ती अंगावर पडतात. दसऱ्याचं सोनं लुटून झालं की दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या देवळात कोजागिरीची मीटिंग भरते आणि तिचा नियम एकच, जो बोलेल त्याने करायचं. म्हणून जाणती मंडळी तिथे मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसत बसतात. अकरा वर्षं मीही इमानेइतबारे दोरे उपसले. गेल्या वर्षी मात्र नेहमीचा आचारी पाचगणीला कुठल्याशा हॉटेलात लागल्याची बातमी आली, अण्णा म्हणाले, "मग आता चाळीस लिटर दूध आटवायचं कुणी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुधात काय एवढं?"

अण्णांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शेजारचे नाना माझ्याकडे मयताला आल्यासारखं बघून म्हणाले, "काहील सकाळी सहाच्या आत भांडीवाल्याकडे पोचली पाहिजे बरं का. नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं." तेही मीच करायचं का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. तेवढं शहाणपण पाच मिनिटांत आलं होतं.

वाईत राहण्याची एक अडचण आहे. मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथलंच. त्याचे वीस खंड झाले. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला आपण एकविसावा खंड आहोत असं वाटतं. माझं नाव फुटल्यापासून हे खंड मला रस्त्यात गाठायला लागले. गणपती घाटावर एकाने सांगितलं की साखर शेवटी घालायची, आधी घातली तर दूध लागतं. ढोल्या गणपतीच्या पायरीवर दुसऱ्याने सांगितलं की शेवटी घातली तर पाणी सुटतं. केशर कोमट दुधात भिजवा, केशर गरम पळीवर भाजा, केशर कशाला, हळदीची चिमूट टाका, कोण बघतंय अंधारात! हा शेवटचा सल्ला हळदीच्या व्यापाऱ्याचा होता.

त्यात तिथीचा घोळ. पौर्णिमा दोन दिवसांत विभागली की आळीत दोन पक्ष पडतात. २०२३ ला तर कहर झाला होता. कोजागिरीच्याच रात्री चंद्रग्रहण आलं. १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श, पण वेध दुपारपासूनच. दूध प्यावं की नाही यावरून मारुतीच्या देवळात जवळजवळ हातघाई झाली. शेवटी एका पक्षाने तुळशीपत्र टाकून दूध प्यायलं. दुसऱ्याने निषेध म्हणून बहिष्कार टाकला आणि घरी नेऊन, दार लावून प्यायलं.

हिशेबाला बसलो तेव्हा खजिनदार बापू समोर होते. माणसं १७०, माणशी १५० मिली, म्हणजे साडेपंचवीस लिटर. सांडलवंड धरून सत्तावीस. ते उरायला चाळीस आणायचं. बापूंनी चष्मा काढला. "म्हणजे चाळीस लिटरचे पैसे द्यायचे, वर गॅस जाळायचा आणि तेरा लिटर हवेत सोडायचं?" मी म्हटलं, "त्यालाच आटवणं म्हणतात." "मग सत्तावीसच आण की. नुसतं गरम कर." खजिनदारापुढे पाककला टिकत नाही. चारोळीचा भाव ऐकल्यावर तर त्यांनी विचारलं, "माणशी एक येईल एवढ्या आणल्या तर?"

कोजागिरीच्या संध्याकाळी सहाला देवळापुढच्या चौकात शेगडी पेटली. काहील एवढी मोठी की तिच्यात आमचे बापू पालथे मावले असते. ती आधी पाण्याने विसळून घेतली, मग दूध ओतलं आणि काकूंच्या हुकमावरून तळाला एक बशी उपडी सोडली. बशी खडखडत राहिली की दूध लागत नाही म्हणे. पहिला तास मजेत गेला. हातात लांब दांड्याचा सराटा, बुडापासून ढवळायचं, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा आत लोटायची. येणारे-जाणारे कौतुकाने बघत होते. दुसऱ्या तासाला कौतुक गेलं आणि खांदा राहिला. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात भट्टी, घामाची धार नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेली, आणि ती खाली पडू नये म्हणून मी मान मागे टाकून, आभाळाकडे बघत ढवळतोय. लांबून भक्तिभाव वाटला असेल.

भेळवाले तिकडे निवांत होते. भेळेला अक्कल लागत नाही आणि भेळ करपत नाही.

साडेआठला दूध छान बदामी व्हायला लागलं. उकळी मंद, बशी लयीत खडखडतेय, वेलचीचा वास सुटलाय. जायफळं तीन किसून टाकलेली. एवढ्यात गर्दीतून वाट काढत आई आली. हातात तबक, तबकात निरांजन, मागे माझी बायको पाट घेऊन.

आश्विनी पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. थोरला मी. वय वर्षं बावन्न.

"आई, दूध आहे गॅसवर."

"दूध कुठे पळून जातंय? पूर्वेला तोंड कर."

"आई, घरी गेल्यावर."

"घरी येईस्तोवर झोपते मी. उभा राहा पाटावर. चप्पल काढ. आणि ते हातातलं आधी ठेव, ओवाळताना हातात लोखंड धरतात का कुणी?"

मी सराटा ठेवला. सगळी आळी बघत होती. आईने कुंकू लावलं, ते घामाने नाकावर ओघळलं. पुसून पुन्हा लावलं. अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं यथासांग. निरांजन वाऱ्याने विझलं, पुन्हा लावलं. काडेपेटी भेळवाल्यांकडून आणली. मी पाटावर आणि काहील माझ्या पाठीमागे. आई औक्षण करताना पुटपुटत होती, मला मात्र फक्त बशी ऐकू येत होती. आणि मग ती ऐकू येईनाशी झाली.

बशी थांबली म्हणजे काय ते मला कळलं. पण आई अजून माझ्या डोक्यावर अक्षता टाकत होती, आणि आईला मधेच थांबवून कुणाचं भलं झालेलं मी ऐकलेलं नाही.

सराटा बुडाशी घातला तेव्हा तळाला खरखरीत लागलं आणि वर दोन-चार तपकिरी पापुद्रे तरंगत आले. वास आला. फार नाही, पण एकविसाव्या खंडाला पुरेसा. बायको कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, जायफळ घाला अजून, वास मारतं." मी गपचूप आणखी दोन किसली. मागाहून उघडकीला आलं की मी पिस्ते आणायला वळलो तेव्हा काकूंनीही, माझी अब्रू राखावी म्हणून, दोन किसून घातली होती. आणि नानांनीही. एकूण नऊ. तान्ह्या पोराला झोप लागावी म्हणून सहाणेवर दोन वळसे उगाळून चाटवतात ते हे जायफळ.

साडेदहा झाले तरी चंद्र ढगात. परतीच्या पावसाला हा एकच मुहूर्त सापडतो. दुधात चंद्रबिंब पडल्याशिवाय प्यायचं नाही असा अण्णांचा दंडक. पोरं भुकेली, वडीलधारे चिडलेले. शेवटी काहिलीत काहीतरी गोल, पांढरं चमकलं आणि नाना ओरडले, "पडला, पडला!" तो मंडपाचा हॅलोजन होता, पण वाद घालायला कुणी शिल्लक नव्हतं. पेले फिरले. लोकांनी दोन-दोनदा घेतलं. "यंदा भट्टीचा खरपूस स्वाद उतरलाय," असंही एकजण म्हणाला. मी नम्रपणे मान खाली घातली. वाढता वाढता काहील रिकामी झाली आणि माझ्या वाट्याला पेला उरला तो नुसता कागदाचा.

मग गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. लक्ष्मी मध्यरात्री आकाशातून फिरते, "को जागर्ति?" विचारते आणि जो जागा असेल त्याला धन देते, म्हणून आमच्याकडे बारापर्यंत भेंड्या चालतात. त्या रात्री 'ळ' आला आणि समोरचा गट विचारात पडला. बराच वेळ पडून राहिला. बघतो तर निम्मा गट सतरंजीवर आडवा. काकू मांडीवरच्या नातवासकट पेंगत होत्या. बापू वर्गणीची वही छातीशी धरून घोरत होते. सव्वाअकराला जो तो एकमेकाला धरून, भिंतीच्या आधाराने घरी गेला. बायको आईला घेऊन गेली ती "येतेच हं" म्हणून, आणि अर्थातच आली नाही. तिनेही दोन पेले घेतले होते.

दूध न प्यायलेला आळीत मी एकटा. काहील पुढ्यात घेऊन बसलो. कडेची खरवड चांगली होती, ती आधी खाऊन घेतली. बुडाचा काळा पट्टा राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत होतो, तो ढग सरकले. चंद्र असा काही वर आला की शेंडीचा एकेक केस मोजून घ्यावा. कुत्रीसुद्धा झोपलेली.

आणि बरोबर बाराच्या सुमाराला वरून आवाज आला.

"कोण जागं आहे रे?"

अंगावर सर्रकन काटा आला. शेंडी हातात तशीच राहिली. मग आवाज खाकरला. अण्णा होते, गॅलरीत.

"काहिलीचं बघायचं होतं रे, सहाला पोचवायची... आहे का कुणी जागं?"

मी श्वास रोखून काहिलीच्या आड बसलो. उत्तर दिलं नाही. फक्त चंद्र बरोबर माथ्यावर होता आणि त्या उजेडात मी, डोक्यावरच्या अक्षतांसकट म्हणायला हरकत नाही, अण्णांच्या गॅलरीतून लख्ख दिसत होतो.