पाळीआधीचा त्रास "अशुद्ध रक्ता"मुळे होत नाही, कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकूंनी एक फॉरवर्ड टाकला, "पाळीआधीच्या चिडचिडीची खरी कारणं". त्यात लिहिलंय की अशुद्ध रक्त साठून डोक्याकडे चढतं, हार्मोन्स बिघडलेले असतात म्हणून 21 दिवस काढा प्यायचा, मैदा-चहा सोडायचा, पूर्वीच्या बायकांना हे नव्हतंच, लग्न-बाळंतपण झालं की जातं आणि नाहीच गेलं तर पिशवी काढून टाकायची. एरवी मी असले मेसेज डिलीट करून सोडून देते. पण हा वाचून माझ्या भाचीने डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली आणि घरातल्यांनी तिला शाबासकी दिली, म्हणून आता एकेक मुद्दा घेतेच.

अशुद्ध रक्ताचं आधी. पाळीत बाहेर पडतं ते गर्भाशयाचं अस्तर आणि त्यासोबत थोडं रक्त, सगळ्या दिवसांचं मिळून साधारण 30-40 मिली. ते साठून कुठेही चढत नाही, तशी वाटच नाहीये शरीरात. पीएमएसचा, म्हणजे पाळीआधीच्या या त्रासाचा संबंध आहे अंडाशयाशी, अंडं बाहेर पडल्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांशी. ज्या बायकांचं गर्भाशय काढलंय पण अंडाशय ठेवलेत त्यांना पाळी येत नाही, साठायला रक्तच नाही, तरी दर महिन्याला तीच चिडचिड, तेच रडू, तीच अंगाला सूज येऊ शकते.

आणि म्हणूनच "पिशवी काढा" हा सल्ला मला सगळ्यात भयंकर वाटतो. एक तर त्याने हा त्रास जात नाही, आणि अंडाशयही काढले तर ऐन तरुणपणी मेनोपॉज, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या महाराष्ट्रात तरी हे कोणी सहज बोलू नये, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्या देशाने वाचलंय, पाळीची कटकट नको, मजुरी बुडायला नको म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायका ऑपरेशन करून बसल्या आणि पुढे कंबरदुखी, अशक्तपणा घेऊन पुन्हा ऊस तोडायला गेल्या. असा सल्ला फॅमिली ग्रुपवर फुलांच्या फोटोखाली येतो याचा मला संताप येतो.

आता हार्मोन्स. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं म्हणून शिकलेले लोकही मान डोलावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 1998 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग छापला. पीएमएसवाल्या बायकांचं अंडाशयाचं काम औषधाने तात्पुरतं थांबवलं, तर त्यातल्या बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अंडाशयाचीच हार्मोन्स परत दिली, तर त्रास परत आला. पण ज्यांना पीएमएस नव्हताच अशा बायकांनाही हेच सगळं दिलं आणि त्यांच्या मूडला काहीच झालं नाही! म्हणजे हार्मोन्स तेच, नॉर्मल प्रमाणातले, काहींचा मेंदू त्यांच्या चढउताराला जास्त संवेदनशील असतो. रक्ततपासणीत रिपोर्ट नॉर्मल येतात ते यामुळेच, आणि मग घरचे म्हणतात "बघ, काही नाहीये तुला". जे बिघडलेलंच नाही ते काढा दुरुस्त काय करणार?

मेंदूतल्या सेरोटोनिनचाही, म्हणजे मूडशी संबंधित एका रसायनाचाही यात भाग आहे, म्हणून भाचीला दिलेली, सेरोटोनिनवर काम करणारी गोळी उपयोगी पडते, काही जणींना तर फक्त पाळीआधीचे दोन आठवडेच घ्यायला सांगतात. ती वेडेपणाची गोळी नाहीये आणि डॉक्टरांना न विचारता बंद करायचीही नसते.

खाण्याबद्दल थोडं खरं आहे, मान्य. मीठ, कॉफी कमी केल्याने काहींना बरं वाटतं, आणि कॅल्शियमचा तर 1998 मध्येच मोठा अभ्यास झालाय, रोज 1200 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत 48 टक्के कमी झाला, तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचा 30 टक्के. पण मैदा हे कारण नाही. पूर्वी नव्हतं म्हणे, अहो 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक नावाच्या डॉक्टरने यावर पेपर लिहिलाय, आणि आपल्या आज्या हे सांगणार तरी कोणाला होत्या? बाळंतपणाचं म्हणाल तर गरोदरपणात अंडं सुटत नाही म्हणून तेवढा काळ त्रास थांबतो, पाळी सुरू झाली की परत येतो, कित्येकींना तर चाळिशीकडे जाताना वाढतो.

भाचीला मी सांगितलंय, दोन महिने रोज रात्री तारखेसकट त्रास लिहून ठेव आणि ती वही घेऊन परत डॉक्टरांकडे जा, निदान त्यावरच होतं. आणि ज्यांना त्या दिवसांत जीव द्यावासा वाटतो त्यांनी पाळी येऊन जायची वाट बघू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे जा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.