पगार न घेणाऱ्याकडूनच जास्त वसुली

परदेशात जाऊन काही महिने विनामोबदला सेवा करावी असे ज्या मुलामुलींच्या मनात येते, त्यांना आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: टुरिस्ट व्हिसा काढ, तिकडे पोहोचल्यावर काय करायचे ते कर, पगार घेणारच नाहीस तर विचारतो कोण? असे सांगणारे बहुधा घरातले किंवा ओळखीतले असतात आणि वाईट हेतूने कोणी बोलत नाही. पण हा सल्ला मानला तर विमानतळावरूनच परत फिरावे लागू शकते, आणि अर्जात लबाडी केल्याचे ठरले तर ब्रिटनसारख्या देशाचे दार दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकते. सध्या भाचीच्या अर्जाच्या निमित्ताने मी तिथले नियम मुळातून वाचले. वाचून झाल्यावर माझे मत असे झाले की त्या सरकारचे एका बाबतीत बरोबर आहे आणि दुसऱ्या बाबतीत साफ चूक आहे. आपण मात्र जिथे ते बरोबर आहे नेमके तिथेच चिडतो.

बरोबर आहे ते असे, की बिनपगारी काम हेही त्यांच्या लेखी कामच असते. एखाद्या वसतिगृहात, हॉटेलात किंवा शेतावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात रोज चार-पाच तास राबणारा पाहुणा स्वतःला प्रवासी समजत असला, तरी त्याच्यामुळे तिथल्या कोणाचा तरी रोजगार बुडत असतो, आणि उद्या मालकाने चार तासांचे दहा तास केले तर त्याला दाद मागायला जागा नसते. म्हणून ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर सेवाकार्याची मुभा आहे ती एकूण 30 दिवसांपुरती, आणि तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत. त्याहून अधिक काळ राहायचे असेल तर चॅरिटी वर्कर नावाचा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. त्याची कमाल मुदत 12 महिने आहे. काम संस्थेच्या मूळ उद्दिष्टाशी थेट निगडित असावे लागते, वाजवी खर्चापलीकडे मोबदला घेता येत नाही आणि कायमस्वरूपी पगारी जागा स्वयंसेवकाकडून भरून घेता येत नाही. ही शेवटची अट मला विशेष पटते. आपल्याकडे ‘सेवाभाव’ या नावाखाली शिक्षकांपासून परिचारिकांपर्यंत किती जणांना वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवून घेतले जाते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना अशी अट जाचक वाटू नये.

माझी भाची सांगली जिल्ह्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत शिकवते. तिला जायचे आहे स्कॉटलंडमध्ये, कॅम्पहिल चळवळीच्या एका वसाहतीत. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे आणि स्वयंसेवक एकाच घरात राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, बागेत आणि कार्यशाळेत एकत्र काम करतात. या चळवळीचा इतिहास आजच्या व्हिसाच्या भाषेत वाचला तर चमत्कारिक वाटतो. तिचे संस्थापक डॉ. कार्ल कोनिग हे व्हिएन्नाचे ज्यू वंशाचे बालरोगतज्ज्ञ होते. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ते आणि त्यांचे तरुण सहकारी परागंदा होऊन ॲबरडीनजवळ येऊन राहिले. मे 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यातल्या पुरुषांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत टाकले, आणि 1 जून रोजी मागे राहिलेल्या बायकांनी मुलांना घेऊन कॅम्पहिल नावाच्या घरात संसार थाटला. अपंगांच्या सहजीवनाचे जे काम आज त्या देशात नावाजले जाते, ते कागदपत्रांच्या दृष्टीने संशयित असलेल्या परक्यांनीच उभे केले आहे.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. ज्या संस्थेकडे प्रायोजकत्वाचा सरकारी परवाना आहे, तीच स्वयंसेवकाला बोलावू शकते. ती जे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देते ते कागदावर नसतेच. संगणकावरची नोंद आणि तिचा क्रमांक एवढेच हाती येते, आणि तो क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक राहायचे असल्याने मान्यताप्राप्त दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. यात अवघड असे काही नाही.

खरी अडचण पैशाच्या पुराव्याची असते. अर्जदाराच्या खात्यात 1,270 पौंडांइतकी रक्कम, म्हणजे आजच्या दराने सुमारे दीड लाख रुपये, सलग 28 दिवस असावी लागते. शिल्लक एक दिवसही त्याखाली जाता कामा नये, आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागच्या 31 दिवसांत पडला पाहिजे. रुपयाचा दर धरला जातो तो अर्ज केला त्या दिवशीचा, त्यामुळे अगदी काठावरची रक्कम ठेवली आणि मधल्या काळात रुपया घसरला, तर सगळे 28 दिवस वाया जातात. आमच्या भाऊजींनी मुलीसाठी नऊ वर्षांपूर्वी केलेली मुदत ठेव आहे आणि तिची पावती त्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्यापुढे ठेवली होती. “मुलगी माझी, ठेव माझी, मग पैसे तिचेच की,” असे ते म्हणाले, आणि आपल्याकडच्या कोणत्याही बापाने हेच म्हटले असते. पण विद्यार्थ्यांना आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवता येतात, तशी सवलत या व्हिसात नाही. ठेव मोडून रक्कम मुलीच्या खात्यात वळती करणे आणि तिथून पुढे 28 दिवस मोजणे, एवढाच मार्ग उरतो. परवानाधारक संस्था ‘पहिल्या महिन्याचा खर्च आम्ही उचलू’ असे प्रमाणित करू शकते आणि मग हा पुरावा लागतच नाही, पण ही तरतूद बहुतेक अर्जदारांना ठाऊक नसते आणि संस्थाही आपण होऊन सांगतातच असे नाही.

सरकारची चूक आहे ती शुल्काच्या बाबतीत. एप्रिल 2025 मध्ये या व्हिसाचे शुल्क 319 पौंड झाले. त्याखेरीज तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आरोग्य अधिभार आगाऊ द्यावा लागतो. तो फेब्रुवारी 2024 पासून प्रौढांसाठी वर्षाला 1,035 पौंड आहे. दोन्ही मिळून दीड लाख रुपयांच्या वर जातात, आणि विमानाचे तिकीट वेगळे. व्हिसा नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, शुल्क मिळत नाही.

पण मला खटकले ते वेगळेच. विद्यार्थ्यांना आणि ‘यूथ मोबिलिटी’ या ठरावीक देशांतल्या तरुणांसाठीच्या व्हिसावर येणाऱ्यांना हाच अधिभार सवलतीत, म्हणजे वर्षाला 776 पौंड पडतो. भारतीय तरुणांसाठी 2023 पासून जी यंग प्रोफेशनल्स योजना आहे, जिच्या वर्षाला 3,000 जागा सोडत काढून दिल्या जातात, तिच्यातल्या तरुणांनाही ही सवलत मिळते. त्या योजनेत जाणारा पदवीधर तिथे दोन वर्षे हवी ती नोकरी करू शकतो, पूर्ण पगार घेऊ शकतो, आणि त्याने तसे करण्यात काहीच गैर नाही. पण एकाच वयाच्या दोन मुलींपैकी लंडनच्या कंपनीत पगार घेणारी 776 पौंड देणार आणि स्कॉटलंडच्या खेड्यात अपंग माणसाला अंघोळ घालून, जेवू घालून एक पैसाही न कमावणारी 1,035 पौंड देणार, याचे समर्थन कसे करायचे? सवलतीच्या यादीत विनामोबदला काम करणाऱ्यांचे नाव नाही, एवढेच उत्तर मला नियमांत सापडले. यात दुष्टावा असेल असे मी म्हणत नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंसेवक म्हणून सांगलीची मुलगी कधी आलीच नसावी.

दुसरी पद्धत असू शकते हे जर्मनीकडे पाहून कळते. तिथे सक्तीची लष्करी सेवा 2011 मध्ये स्थगित झाली आणि तिच्याबरोबर तिला पर्याय असलेली नागरी सेवाही संपली, तेव्हा रुग्णालये आणि वृद्धाश्रम ओस पडू नयेत म्हणून संघराज्य स्वयंसेवा सुरू झाली. 27 वर्षांखालच्यांसाठी ऐच्छिक सामाजिक वर्षाची योजना तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. या योजनांतून परदेशी स्वयंसेवकही जाऊ शकतात. त्यासाठी लागणाऱ्या दीर्घ मुक्कामाच्या राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क 75 युरो आहे, हातखर्चाला पैसे मिळतात आणि आरोग्य विम्यासह सामाजिक विम्याचा हप्ता सेवा घेणारी बाजू भरते. जर्मन भाषा शिकावी लागते आणि व्हिसासाठी भेटीची तारीख मिळायला वाट पाहावी लागते, हा त्रास आहेच. पण ज्याच्याकडून फुकट काम घ्यायचे त्याच्या आजारपणाचा भार आपण उचलायचा, एवढे साधे तत्त्व तिथे पाळलेले दिसते.

आपली बाजू मात्र धुतल्या तांदळासारखी नाही. ‘सेवेच्या नावावर एकदा पोहोचा, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगून लाखांच्या गोष्टी करणारे एजंट आपल्याच गावांत पाट्या लावून बसले आहेत आणि त्यांच्याकडे आपलेच लोक जातात. जर्मनीतले ते वर्ष पुढच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणून धरणारे तर उघडपणे तसे सांगतात. निदान तिथे त्याला कायदेशीर वाट आहे. अमेरिकेत मान्यताप्राप्त सेवाकार्यासाठी बी-1 या अल्पकालीन व्हिसाची तरतूद आहे, पण तिथल्या स्थलांतर कायद्याचे 214(बी) कलम अशा अर्जदाराला, तो परत जाणार हे स्वतः सिद्ध करेपर्यंत, कायमचा राहायला आलेला समजूनच चालते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने आपल्या हेतूवर शंका घेतली की आपला स्वाभिमान दुखावतो. ती शंका अंशतः आपल्याच माणसांनी पोसली आहे हेही त्या वेळी आठवावे.

आणि आपण स्वतः परक्यांना कसे वागवतो? आपल्या ई-टुरिस्ट व्हिसावर विनामोबदला सेवाकार्य करता येते ते फार तर एक महिना. त्यापुढे एखाद्या नोंदणीकृत संस्थेत काम करायचे तर परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसाच घ्यावा लागतो, त्यावर संस्थेचे नाव आणि ठिकाण यांचा शेरा असतो आणि मानधनाला महिना 10,000 रुपयांची मर्यादा असते. म्हणजे बिनपगारी कामाला काम मानण्यात दिल्ली आणि लंडन यांचे एकमत आहे. एके काळी मात्र असे लोक सरकारी करारानेच येत. 1966 मध्ये पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून लिलियन कार्टर नावाच्या परिचारिका वयाच्या 68 व्या वर्षी विक्रोळीला आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी काम केले. त्यांचा मुलगा जिमी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून त्यांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, एरवी पोहोचलेही नसते. सेवा श्रीमंत देशाने करायची आणि गरीब देशाने घ्यायची, हे गृहीतक त्या काळापासून चालत आले आहे. विक्रोळीहून कोणी उलट दिशेने निघाले, तर कोणत्या रकान्यात बसवायचे हे तिथल्या व्यवस्थेला कळत नाही.

ते आपल्या नातेवाइकांनाही कळत नाही, हे कबूल केले पाहिजे. “इथं काय कामं कमी पडली, म्हणून गोऱ्यांची सेवा करायला निघालीय?” असे भाचीच्या काकांनी भर पंक्तीत विचारले. तिने दिलेले उत्तर मला पुरेसे वाटते. तिच्या शाळेतून वयाची 18 वर्षे पूर्ण झालेली मुले बाहेर पडतात. काही जण एखाद्या कार्यशाळेत मेणबत्त्या नाहीतर पाकिटे करतात, बाकीचे घरी बसतात. त्यांच्या आया तिला दर पालकसभेत एकच विचारतात, की आमच्यामागे याचे कोण? कायदेशीर पालक नेमण्याची सोय 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने करून ठेवली आहे, पण पालक सही करील, सोबत राहणार कोण? प्रौढ अपंगांनी आणि इतरांनी एका घरात राहायचे म्हणजे रोज सकाळी उठून नेमके काय करायचे, हे तिला वर्षभर राहून पाहायचे आहे. हे पुस्तकातून येणारे ज्ञान नाही, आणि ते इथे शिकवणारी ठिकाणे अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. काकांचे समाधान झाले नाही, जिलबी मात्र त्यांनी आणखी घेतली.

ज्यांच्या घरात असा अर्ज व्हायचा आहे त्यांनी निदान एवढे करावे. बोलावणाऱ्या संस्थेचे नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत आहे का आणि तिच्यापुढे चॅरिटी वर्कर हा प्रकार लिहिला आहे का, हे स्वतः पाहावे. ही यादी कोणालाही फुकट पाहता येते, त्यासाठी एजंटाला पैसे मोजण्याचे कारण नाही. त्यानंतर संस्थेलाच पत्र लिहून स्पष्ट विचारावे, की पहिल्या महिन्याच्या खर्चाचे प्रमाणन तुम्ही करणार का, आरोग्य अधिभार कोण भरणार, आणि आठवड्याला किती तास काम व किती सुट्टी असेल. सेवा करायला निघालेल्याने पैशाचे बोलू नये, असा एक संकोच आपल्यात मुरलेला आहे. तो बाजूला ठेवावा, कारण तिकडच्या संस्थांना या प्रश्नांची सवय असते. भाचीने ते विचारले. खर्चाचे प्रमाणन करायला संस्था लगेच तयार झाली, त्यामुळे भाऊजींची ठेव तूर्त तशीच आहे. अधिभाराचा काही वाटा उचलता येईल का, हे त्यांच्या विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ठरणार आहे, आणि भाचीचे जाणे न जाणे आता त्याच उत्तरावर अडून आहे.